ज्यात काहीच होत नाही असे पुस्तक

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, एका सकाळी, जयपूरच्या इस्पितळात आप्पांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढण्यात आला. ही साठ सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. डावा डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. म्हणजे आप्पांकडे डोळा हा एकच होता, आणि तो आता पट्टीखाली होता.

मी दुपारी गेलो तेव्हा खोलीत कार्बोलिकचा वास होता आणि खिडकीतून हिवाळ्याचे ते पिवळे, दिसायला ऊबदार पण अंगाला न लागणारे ऊन आत येत होते. आप्पा उताणे होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूने भरलेल्या कापडी पिशव्या, मान वळू नये म्हणून. बाहेर गच्च्यागच्च्यांवरून पतंगांचा आरडाओरडा चालला होता. ‘वो काटा’ अशी आरोळी उठली की आप्पांची बोटे चादरीवर किंचित हलत. एवढीच हालचाल त्यांना मंजूर होती.

आता असे करीत नाहीत. तेव्हा करीत. डोळा उघडून भिंग काढायचे, जखम मिटू द्यायची, आणि मिटेपर्यंत माणसाने दगडासारखे पडून राहायचे. डॉक्टरांनी नियम सांगितले होते ते साधे होते. खोकायचे नाही. शिंकायचे नाही. मान वळवायची नाही. हसायचे नाही आणि रडायचेही नाही. दचकायचे नाही. यातले काहीही जोरात झाले तर जखम उघडू शकते, डोळा जाऊ शकतो. काकूंनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीने, हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग करायचं तरी काय त्यांनी?” डॉक्टर म्हणाले, “आराम.”

आप्पा वाईचे. विमा कचेरीच्या नोकरीत गावोगाव बदल्या होत होत जयपूरला आले, आणि इथेच निवृत्त झाले. दुर्गापुऱ्याला, स्टेशनच्या अलीकडे, त्यांचे घर होते. मी वृत्तसंस्थेचा बातमीदार. नोकरीमुळे या शहरात आलेला. आमची ओळख पुस्तकांवरून झाली. एका मराठी मासिकासाठी मी नव्या कादंबऱ्यांची परीक्षणे लिहीत असे. दर महिन्याला पुण्याहून पार्सल येई, मी वाचून संपवी, आणि पुस्तके आप्पांकडे जात. ते प्रत्येक पुस्तकाला सांगानेरी छापाच्या कापडाचे वेष्टन घालीत. त्यामुळे त्यांच्या कपाटात खून, लढाया, विषप्रयोग आणि गडांवरचे वेढे, सगळे सारख्याच लाल-काळ्या फुलांत उभे असत. डोळा अधू होत गेला तसे आप्पांचे वाचन आधी रात्रीचे थांबले, मग संध्याकाळचे, मग उन्हात बसूनही जमेना. शेवटचे वर्ष ते फक्त वेष्टने घालीत होते. शस्त्रक्रियेला ते तयार झाले ते एवढ्याचसाठी. चालता-फिरता त्यांना आधी येतच होते.

“वाचता आलं नाही तर डोळा कशाला हवा,” असे ते म्हणत. हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. आप्पांच्या तोंडी ते तक्रारीसारखे नव्हते. हिशेबी माणूस व्यवहार सांगतो तसे होते.

दुसऱ्या दिवशी काकू इस्पितळाच्या व्हरांड्यात मला भेटल्या. आप्पांनी वाचून दाखवा म्हणून हट्ट धरला होता. डॉक्टरांची हरकत नव्हती. माणूस शांत राहणार असेल तर वाचा, म्हणाले होते. काकूंनी पोथी सुचवली होती. त्यावर आप्पा म्हणाले होते, “पोथी लावलीस तर लोक समजतील, मी निघालो. भेटायला येतील. रडतील. मग मीही रडेन. डॉक्टरांनी नको म्हटलंय.”

“तर भाऊ,” काकू मला म्हणाल्या, “तुमच्याकडे ढीग आहे. असं एखादं पुस्तक द्या, ज्यात काहीच होत नाही. हसू येणार नाही, डोळ्यात पाणी येणार नाही, दचकायला होणार नाही.”

वाचकांनो, अशी मागणी समीक्षकाकडे फार क्वचित येते. ती आली तेव्हा मला ती अवघड वाटली नाही. माझ्या टेबलावर तेव्हा जी पुस्तके पडली होती त्यांतले कोणतेही उचलून दिले असते तरी चालले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटले.

त्या वर्षांत मराठीत दोन प्रकारच्या कादंबऱ्या भरघोस येत होत्या. एक ऐतिहासिक, दुसरी रहस्याची. मी दोन्ही इतक्या वाचल्या होत्या की कोणती कोणती हे वेष्टन काढल्याशिवाय सांगता आले नसते. ऐतिहासिक कादंबरीचा मुख्य दोष मला असा दिसे की तिच्यातल्या पात्रांना आपण इतिहासात आहोत हे आधीच ठाऊक असते. कोणी नुसते पाणी मागत नाही. भावी पिढ्या ऐकत आहेत असे समजून मागतो. सेनापती जेवायला बसला तरी त्याचे लक्ष ताटाकडे नसते, क्षितिजाकडे असते. घोडा असेल तर पांढराशुभ्र, रात्र असेल तर चांदणी, आणि माता असेल तर तिचा कंठ दाटलेला. इतक्या लांबच्या मोहिमा होतात, पण दाणागोटा कुठून आला, तोफा चिखलातून कोणी ओढल्या, जखमेत किडे पडल्यावर काय केले, हे कुणी विचारीत नाही. मी बातमीदार असल्यामुळे कदाचित मला हेच आधी विचारावेसे वाटे. पहिल्या काही पुस्तकांना माझा कंठही दाटला होता, हे खरे. पुढे पुढे पान उलटण्याआधीच तिथे काय असणार ते कळू लागले, आणि ज्या ठिकाणी रडू येणे अपेक्षित होते तिथे जांभई येऊ लागली. थकवा पुस्तकाच्या जाडीमुळे येत नाही. ओळखीमुळे येतो. एकाच घरी रोज जेवायला जाणाऱ्याला वाढणाऱ्याचा हात पुढे येण्याआधीच भाजी कळते. तिची चव मग कुणी घ्यावी?

म्हणून मी काकूंना एक ताजी ऐतिहासिक कादंबरी दिली. आमेरची, म्हणजे जयपूरच्याच राजघराण्याची, फौज दख्खनेत उतरते आणि पुरंदरला वेढा पडतो, असा विषय. मी तिच्या परीक्षणात लिहिले होते की ती वाचून कुणाच्याही चित्तवृत्ती ढवळून निघण्याची शक्यता नाही. ही शिफारस आता कामाला आली.

वाचणार होती आप्पांची मुलगी सुधा. ती जयपुरातच वाढली, हिंदी शाळेत शिकली, आणि तेव्हा कॉलेजात हिंदी साहित्य घेऊन बी. ए. करीत होती. देवनागरी तिला पाण्यासारखी येई. मराठी घरातली तिला समजे. पुस्तकातली मराठी ती परक्या गावातल्या रस्त्यासारखी, पाट्या वाचत वाचत, चालत जाई. आप्पांना याची खंत होती. ते बोलून दाखवीत नसत, पण तिने वाचावे असे त्यांनीच सुचवले होते. काकू मला म्हणाल्या, “डोळ्याचं निमित्त आहे. पोरीला मराठी वाचायला लावायचंय.”

एका गोष्टीचा मात्र आम्ही कुणीच विचार केला नव्हता. खोलीत दोन खाटा होत्या.

दुसऱ्या खाटेवर जयपूरजवळच्या एका गावचे ठाकूरसाहेब होते. वय आप्पांएवढेच. त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी, त्यांच्याही कानांशी वाळूच्या पिशव्या. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते. दोघेही छताकडे तोंड करून बोलत. ठाकूरसाहेबांचा आवाज जाड आणि सावकाश होता. ते सुधाला ‘बाईसा’ म्हणत आणि आप्पांना ‘पंडितजी’. सुधा वाचायला लागली की ते गप्प ऐकत, आणि प्रकरण संपले की विचारत, “बाईसा, क्या हुआ इसमें?” मग सुधा त्यांना हिंदीत सांगे. मराठी वाचताना अडखळणारी सुधा हिंदीत सांगू लागली की तिचा आवाज बदले. तो मोकळा आणि ठाम होई. आप्पा तिचे मराठी ऐकताना ताणलेले असत आणि हिंदी ऐकताना सैलावत, हे मी एक-दोनदा पाहिले.

आमेरचा राजा कादंबरीत पहिल्यांदा आला तो अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी आणि ओठांच्या कोपऱ्यात कपटी हसू घेऊन आला. सुधाने ते जसेच्या तसे सांगितले.

“हमारे महाराज को ऐसे हँसते किसने देखा?” ठाकूरसाहेबांनी विचारले.

“किस्सा है, ठाकूरसाहेब,” आप्पा म्हणाले.

“किस्सा है तो कपटी हमारा ही क्यों? अपना कोई ले लेते।”

“हमारे कपटी दूसरी किताब में हैं।”

यावर ठाकूरसाहेब हसले असते, पण त्यांनाही हसायची बंदी होती. त्यांनी नाकाने फक्त श्वास सोडला. दोन प्रकरणे शांततेत गेली. मग कादंबरीत राजाच्या फौजेने गावे जाळली, बायका-पोरे डोंगरात पळाली, आणि लेखकाने सबंध पान भरून आमेरच्या नावाने बोटे मोडली. सुधाने ते पान सांगताना आवाज थोडा कमी केला. ठाकूरसाहेबांनी मात्र सगळे ऐकले. मग म्हणाले, “पंडितजी, एक बात कहूँ? मेरी दादी साँझ को किवाड़ बंद करते हुए कहती थी, जल्दी करो, दखनी आ रहे हैं। दखनी को गए ज़माना हो गया था। किवाड़ फिर भी उन्हीं के नाम से बंद होता था।”

शाळेत आम्ही मराठ्यांच्या उत्तरेतल्या स्वाऱ्या नकाशावर बाणांनी दाखवत असू. बाण वरच्या दिशेला जात. त्याच्या टोकाशी कुणाचे दार असेल, हे परीक्षेत विचारीत नसत. जयपुरात राहून मला ते दिसत होते, पण आप्पांना राग आला. ते म्हणाले, चौथाई वसूल करणे आणि गावे जाळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ठाकूरसाहेब म्हणाले, जळणाऱ्याला वेगळ्या वाटत नाहीत. आप्पांनी उत्तर द्यायला हात उचलला आणि मान वळवायला गेले. उजवीकडची पिशवी सरकली. सुधाने पुस्तक टाकून दोन्ही हातांनी त्यांचे डोके धरले.

परिचारिकेने डॉक्टरांना सांगितले. डॉक्टर आले, पट्टीवरून हात फिरवला, विचारपूस केली, आणि सुधाला म्हणाले, “यह इतिहास आज से बंद।”

कादंबरीने कुणाचा कंठ दाटवला नाही, हे माझे म्हणणे बरोबर ठरले. ती दोन खाटांच्या खोलीत वाचली जाईल, हे परीक्षणात कुठून येणार? ज्यांच्यावर लिहिले ते शेजारी पडून ऐकत असतील तर पुस्तक तेच राहत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. आणि हेही दिसले की त्या दिवसानंतर त्या दोघांत काही बिनसले नाही. संध्याकाळी ठाकूरसाहेबांच्या घरून तीळगुळाची गजक आली होती. त्यांनी सुधाला सांगून अर्धी आप्पांच्या खाटेकडे पाठवली. चावायची बंदी होती म्हणून ती काकूंनी घरी नेली.

उरली रहस्यकादंबरी.

तिच्याबद्दल माझे मत आणखीच पक्के होते. बातमीदार या नात्याने मी काही खून पाहिले आहेत, म्हणजे खुनानंतरच्या खोल्या, पंचनामे आणि कोर्टातल्या जबान्या. खरा खुनी फारसे बोलत नाही. विचारले तर आठवत नाही म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरेच असते. कादंबरीतला खुनी मात्र शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून, हातात शस्त्र असताना, लहानपणापासूनची हकिकत सांगतो, आणि सगळे ती शांतपणे ऐकून घेतात. गुप्तहेर पहिल्या पानावर सिगारेट पेटवतो. ती कधी संपत नाही. टेलिफोन वाजतो तो नेहमी कुणी एकटे असतानाच. बंगला पाचगणीला नाहीतर मलबार हिलवर. पुतण्यावर संशय येतो म्हणजे पुतण्या निर्दोष. फार सज्जन दिसणारा वकील पान पाचवर आला की मी त्याच्या नावावर पेन्सिलीने खूण करून ठेवी, आणि शेवटी ती खूण क्वचितच पुसावी लागे. भीती ही अनोळखी गोष्टीची असते. इतकी ओळख झालेल्या खुन्याला कोण भिणार? आप्पांनी तर माझ्याहून जास्त वाचल्या होत्या. ते दचकणार नाहीत याची मला खात्री होती, आणि काकूंना मी तशी दिलीही. पुस्तकाच्या नावातच खून होता. काकूंनी ते नाव बघून एकदा माझ्याकडे पाहिले. “नावाला आहे,” मी म्हणालो.

दोन-तीन दिवस ते चांगले चालले. पाचगणीचा बंगला, म्हातारा मालक मरून पडलेला, पुतण्या, त्याची वाग्दत्त वधू, सज्जन वकील, सगळे आपापल्या जागी होते. सुधाचे वाचन सुधारत होते. ठाकूरसाहेबांना इतिहासापेक्षा हे आवडले. आमेरचे कुणी यात नव्हते. फक्त दर प्रकरणानंतर सुधा भराभर हिंदीत सांगे, आणि त्या भराभरीत एक गंमत होऊ लागली. पुस्तकात होते, मालकाच्या धाकट्या भावाला अफरातफरीबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली होती. सुधाने सांगितले, “उनके छोटे भाई ने सात साल शिक्षा पाई थी।”

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. ठाकूरसाहेब प्रभावित झाले. “सात साल! वकील होगा।”

“वकील दूसरा है,” सुधा म्हणाली.

“तो खानदान ही पढ़ा-लिखा है। बाईसा, मेरी मानो, खून इसी भाई ने किया। जो ज़्यादा पढ़ जाए उससे बचना चाहिए।”

मी त्या वेळी खिडकीशी होतो. आप्पांच्या ओठांच्या कडा आत ओढल्या गेल्या होत्या आणि पोटावरची चादर हलत होती. त्यांनी ते आवरले. सुधाची चूक त्यांनी सुधारली नाही. मी नंतर कारण विचारले तेव्हा म्हणाले, “ती पहिल्यांदा न थांबता वाचत होती. मध्ये बोललो असतो तर परत पाट्या वाचायला लागली असती.”

संक्रांतीच्या दुपारी मी कामावर जाता जाता डोकावलो. आकाश पतंगांनी भरले होते आणि शहराचा आवाज एकसारखा येत होता. खोलीत मात्र पुतण्याने गुप्तहेरावर पिस्तूल रोखले होते. जिन्यावरून वाग्दत्त वधूची हाक येते. पुतण्या क्षणभर तिच्याकडे बघतो, आणि, सुधाने वाचले, “त्याने पिस्तूल खाली केले.” प्रकरण संपले.

“क्या हुआ, बाईसा?”

“लड़की की आवाज़ सुनकर उसने पिस्तौल खाली कर दी।”

“समझदार है,” ठाकूरसाहेब म्हणाले. “गोलियाँ जेब में डालीं?”

“ये नहीं लिखा।”

“डाली होंगी। फेंकेगा थोड़े ही।”

सुधाने पुढचे प्रकरण घेतले. दिवे जातात, झटापट होते, पिस्तूल उडते, आणि दिवे येतात तेव्हा वकील जमिनीवर मरून पडलेला असतो. तिने तेही हिंदीत सांगितले, दिव्यांसकट, चांगले रंगवून. ठाकूरसाहेब मात्र मागच्या प्रकरणातच अडकले होते. मग त्यांनी अगदी सावकाश, समजून घेण्याच्या इच्छेने विचारले:

“खाली पिस्तौल थी ना, बाईसा?”

“हां जी।”

“तो वकील मरा कैसे? डर के मारे?”

सुधा गोंधळली. तिने मागचे पान उलटून पाहिले, ओळीवर बोट ठेवले, आणि आप्पांना विचारले, “आप्पा, मतलब… खाली म्हणजे खालीच ना?”

आप्पा हसले. आधी आवाज नव्हता, मग आला. त्यांनी हात तोंडावर दाबला, तरी सगळे अंग हलत होते, खाट वाजत होती. ठाकूरसाहेबांनी ‘खाली’ म्हणजे हिंदीतले रिकामे धरले होते, हे सुधालाही कळले आणि तिलाही हसू फुटले. एवढ्यात आप्पांनी हात तोंडावरून काढून पट्टीकडे नेला. त्यांचे हसणे थांबले. “सुधा,” ते म्हणाले, “कुणाला तरी बोलाव.”

परिचारिका आली, मग डॉक्टर. आम्हाला भिंतीशी उभे केले. डॉक्टरांनी पट्टी सोडली, बॅटरीचा उजेड टाकला, वाकून पाहिले, पुन्हा पाहिले. काकू नुकत्याच डबा घेऊन दारात आल्या होत्या. सुधाच्या हातातले पुस्तक त्यांनी आपल्या हातात घेतले होते. डॉक्टर सरळ झाले आणि त्यांच्याकडे वळून म्हणाले, “खून है।”

काकूंनी पुस्तक पदराखाली घेतले. “हां जी, डॉक्टरसाहेब,” त्या म्हणाल्या, “खून का ही है। अभी बंद करते। फिर नहीं पढ़ेंगे।”

डॉक्टरांना काही समजले नाही. सुधा पुढे झाली. तिने आईच्या दंडाला धरले आणि मराठीत, एकेक शब्द सुटा करून, म्हणाली, “आई. पुस्तक नाही. रक्त. त्यांच्या डोळ्यात रक्त आलंय.”

त्या खोलीत गेला आठवडाभर दोन भाषा एकमेकींच्या अंगावरून जात होत्या आणि आम्ही त्याची मौज घेत होतो. हिंदीतला एक शब्द मराठीत कोणत्या अर्थाने पडतो आणि मराठीतला हिंदीत कुठे जाऊन पडतो, हे सुधाला बी. ए.च्या वर्गात कुणी शिकवले नव्हते. त्या क्षणी तिला ते दोन्हीकडून आले. मी कोणत्याही रहस्यकादंबरीत इतक्या थोड्या शब्दांत इतके उघड झालेले वाचलेले नाही.

डॉक्टरांनी पुन्हा पट्टी बांधली. जखम पुरती उघडली नव्हती, म्हणाले. आत रक्त उतरले आहे. ते शोषले जाईल किंवा नाही जाणार. पडून राहणे वाढवावे लागेल. वाचन बंद. बोलणेही कमी. सुधा त्या दिवसापासून खाटेशी स्टुलावर बसे आणि काहीच करीत नसे. एकदा तिने आप्पांना विचारले, “आप्पा, माझ्यामुळे ना?” आप्पा म्हणाले, “तुझ्यामुळे हसलो. रक्त डोळ्यातलं आहे.” मग जरा थांबून: “आणि वकील कसा काय मेला, मला वाटलं होतं तोच खुनी.”

ठाकूरसाहेबांची पट्टी आधी निघाली. त्यांना दिसू लागले. त्यांनी पहिल्यांदा मान वळवून शेजारच्या खाटेकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, “पंडितजी, आवाज़ से तो आप जवान लगते थे।” आप्पांनी ओठ हलवले, पण हसले नाहीत. ते शिकले होते. निघताना ठाकूरसाहेबांनी व्हरांड्यात मला गाठून विचारले, शेवटी खून कुणी केला? सुधाने पुस्तक संपवले नव्हते, पण मी वाचले होते. मी सांगितले: गुप्तहेराचा मदतनीस, त्याचे मालकाशी जुने वैर होते. “इतना ही?” ते म्हणाले. “खाली पिस्तौल वाली बात ज़्यादा अच्छी थी।”

इतक्या वर्षांत त्या कादंबरीचे याहून नेमके परीक्षण माझ्या वाचनात आलेले नाही. माझे स्वतःचे त्या महिन्यात छापून आले. ते रीतसर होते, त्यात रचना, वातावरणनिर्मिती आणि भाषा यांवर एकेक परिच्छेद होता. पुण्याहून पार्सले येत राहिली. मी वाचत राहिलो. ओळख कमी झाली नाही. पण पुढे कधी पिस्तूल खाली झाले किंवा कुणाला शिक्षा झाली की मी त्या ओळीवर थांबे. लेखकाला माहीत नसलेला एक दुसरा अर्थ तिथे उभा असे. पुस्तक थकलेले असते की वाचणारा? मला हे आजही ठरवता आलेले नाही.

माघ संपता संपता आप्पांची पट्टी काढली. रक्त बरेचसे शोषले गेले होते. डॉक्टरांनी खिडकीशी उभे राहून बोटे दाखवली. आप्पांनी ती बरोबर मोजली. चष्मा होळीनंतर मिळाला, जाड भिंगाचा, काळ्या फ्रेमचा. तो लावून ते दुर्गापुऱ्याच्या घरी अंगणात, सकाळच्या उन्हात बसले. मुंबईचे वर्तमानपत्र टपालाने आले होते, नेहमीप्रमाणे शिळे. त्यांनी ते जवळ धरले, लांब धरले, पुन्हा जवळ धरले. मथळा त्यांनी स्वतः वाचला. खालचा मजकूर सुधाने वाचून दाखवला.